चित्रातली माणसं आणि हरवलेली नावं: पॅरिसच्या स्टुडिओपासून हिंगोलीच्या छावणीपर्यंत

जुम्म्याला किंवा रमजानमध्ये मोबाईलवर येणाऱ्या शुभेच्छा एकदा नीट पाहा. मशिदीत रांगेत उभे नमाजी, कैरोच्या गच्चीवर दुआ मागणारे बुजुर्ग, पगडी घातलेला योद्धा, आणि खाली एखादा शेर. चित्र सुंदर असतं, रंग झळाळत असतात. आपण ‘माशाअल्लाह’ म्हणतो आणि पुढे पाठवतो. मुलं विचारतात, हे कोण? आपण सांगतो, हा आपला इतिहास.

पण यातली बरीचशी चित्रं मुसलमानांनी काढलेली नाहीत. ती एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या चित्रकारांनी, युरोपातल्या गिऱ्हाइकांसाठी काढली. काहींनी तो मुलुख पाहिला होता, काहींनी कधीच पाहिला नाही. या चित्रांमागे दोन मोठे प्रवाह आहेत. एकाला रोमँटिसिझम म्हणजे स्वच्छंदतावाद म्हणतात, दुसऱ्याला ओरिएंटॅलिझम म्हणजे प्राच्यवाद. नावं जड आहेत, पण गोष्ट आपल्या घराशी जोडलेली आहे, आणि तिचा एक धागा थेट हिंगोलीत येतो. म्हणून आम्ही ती सविस्तर सांगत आहोत.

रोमँटिसिझम म्हणजे प्रेमकहाणी नव्हे

आपल्याकडे ‘रोमँटिक’ म्हटलं की हिंदी सिनेमा आठवतो. चित्रकलेत त्याचा अर्थ वेगळा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात कारखाने वाढले, शहरं धुरानं भरली. सगळं मोजून-मापून, बुद्धीच्या कसोटीवर घासून घ्यायचं, असा तो काळ होता. त्याला कंटाळून कवी आणि चित्रकार भावनेकडे वळले. वादळ, डोंगर, पडके किल्ले, युद्ध, मृत्यू आणि दूरचे अनोळखी देश हे त्यांचे आवडते विषय झाले.

दूरचा देश म्हणजे त्यांच्यासाठी प्रामुख्यानं मुस्लिम मुलुख. १७९८ मध्ये नेपोलियननं इजिप्तवर स्वारी केली. १८३० मध्ये फ्रान्सनं अल्जीयर्स घेतलं. फौजेमागून व्यापारी, अधिकारी आणि चित्रकार गेले. तिकडचे कपडे, हत्यारं, गालिचे पॅरिसला आले आणि स्टुडिओत मांडले गेले. ‘पूर्व’ ही चित्रासाठी एक हुकमी जागा बनली. तिथं सगळं भडक, गूढ, आळसावलेलं आणि थोडं क्रूर दाखवायचं, अशी रीतच पडली. हाच चित्रकलेतला प्राच्यवाद.

म्हणजे चित्र आणि सत्ता एकाच वेळी आली. सगळे चित्रकार सरकारचे नोकर होते, असं नाही. पण ज्या मुलुखावर आपलं राज्य असावं असं वाटतं, तो मुलुख आळशी आणि मागासलेला दिसला तर राज्य करणाऱ्याचं मन हलकं होतं, एवढं तरी समजायला हवं.

न पाहिलेला जनानखाना

फ्रेंच चित्रकार अँग्र यानं १८१४ मध्ये जनानखान्यातल्या एका स्त्रीचं चित्र काढलं. ते आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. उघडी पाठ, हातात मोरपिसांचा पंखा, डोक्याला तुर्की धाटणीचं वस्त्र. नेपोलियनच्या बहिणीनं ते काढून घेतलं होतं. पाठ इतकी लांब काढली आहे की जास्तीचे मणके आहेत, अशी टीका तेव्हाच झाली. पण मोठी गोष्ट ही की अँग्र आयुष्यात कधीही तुर्कस्तानात किंवा कोणत्याही मुस्लिम देशात गेला नव्हता. पुढे म्हातारपणी त्यानं ‘तुर्की हमाम’ काढला, तोही एका इंग्रज बाईच्या जुन्या पत्रांतली वर्णनं वाचून.

आपल्या घरात दादी-नानीचा जनाना कसा होता, हे आपल्याला ठाऊक आहे. तिथं स्वयंपाक चालायचा, शिवण चालायचं, मुलांना कुरआन शिकवला जायचा, लग्नं ठरायची, भांडणं मिटायची. बाहेरच्या पुरुषाला तिथं प्रवेश नव्हता. म्हणूनच बाहेरच्या पुरुषानं दाराआड काय असेल याची कल्पना केली आणि ती कल्पनाच चित्र म्हणून जगभर फिरली. पडद्याचा अर्थ इज्जत होता, चित्रात तो चोरून बघायची जागा झाला.

दलाक्रवा हा चित्रकार मात्र खरोखर गेला. १८३२ मध्ये तो फ्रेंच शिष्टमंडळाबरोबर मोरोक्कोला गेला आणि परतताना काही दिवस अल्जीयर्सला थांबला. तिथं त्याला एका मुस्लिम घरात जाऊन बायकांची रेखाटनं करता आली. फ्रेंचांनी शहर घेऊन दोन वर्षंही पुरती झाली नव्हती. त्या घरमालकाला नाही म्हणणं किती शक्य होतं, याचा विचार आपणच करावा.

दलाक्रवानं आपल्या रेखाटनांवर त्या बायकांची नावं लिहून ठेवली होती. मूनी, झोहरा, बायाह अशी. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, पॅरिसमध्ये पूर्ण केलेलं मोठं चित्र लोकांपुढे आलं, तेव्हा त्याचं नाव होतं ‘अल्जीयर्सच्या स्त्रिया, त्यांच्या दालनात’. मूनी नाही, झोहरा नाही. कोणाची तरी आई, कोणाची तरी बहीण असलेली बाई ‘नमुना’ झाली. आमच्या मते प्राच्यवादी चित्रांची सगळ्यात मोठी चूक कपड्यांची किंवा रंगांची नाही. त्यांनी माणसांची नावं काढून घेतली, ही आहे.

फोटोसारखं दिसलं म्हणजे खरं नसतं

शुभेच्छांमध्ये फिरणारी नमाजाची चित्रं पुष्कळदा जेरोम या फ्रेंच चित्रकाराची असतात. तो इजिप्त आणि तुर्कस्तानात अनेकदा गेला. त्याचं काम इतकं बारीक आहे की ब्रशचा फटकारा दिसत नाही, फोटोच वाटतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याचं कैरोच्या अम्र मशिदीतल्या नमाजाचं चित्र आहे. रांगा, खांब, कबुतरं, सगळं सुंदर. पण त्याच नमाजींमध्ये जवळजवळ उघड्या अंगाचा एक फकीरही ठळकपणे उभा आहे. नमाज पढणारा माणूस हे चित्र पाहताना तिथंच अडखळेल, कारण सतर झाकल्याशिवाय नमाज होत नाही, हे लहान मुलालाही माहीत असतं. असा एखादा मजजूब फकीर कैरोत नसेलच, असं आम्ही म्हणत नाही. पण गिऱ्हाइकाला ‘अजब’ काहीतरी हवं होतं, आणि ते नेमकं मिळालं.

त्याचं ‘गारुडी’ हे साधारण १८७९ चं चित्र याहून प्रसिद्ध आहे. निळ्या टाइल्सच्या भिंतीपुढे एक उघडा मुलगा अंगाभोवती अजगर घेऊन उभा, आणि समोर हत्यारबंद माणसं टेकून बघत बसलेली. टाइल्स इस्तंबूलच्या तोपकापी महालातल्या धर्तीवर आहेत, बाकीचं साहित्य इकडून तिकडून जमवलेलं. भिंतीच्या वरच्या पट्टीवर सूरह बकराची २५६ वी आयत आहे, असं जाणकारांनी वाचून काढलं. दीनमध्ये जबरदस्ती नाही, असं सांगणारी हीच ती आयत. चित्र पाहणाऱ्या पॅरिसवाल्याला ती फक्त नक्षी वाटली असणार. आपण वाचू शकतो, तो वाचू शकत नव्हता. एवढ्यावरूनच हे चित्र कोणासाठी काढलं होतं ते कळतं.

१९७८ मध्ये एडवर्ड सईद या पॅलेस्टिनी वंशाच्या प्राध्यापकांनी ‘ओरिएंटॅलिझम’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर याच चित्राचा भाग आला. सईद जन्मानं ख्रिश्चन होते आणि अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकवत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पश्चिमेनं ‘पूर्व’ नावाची एक कल्पना घडवली, ती पुस्तकांत, अहवालांत, कलेत पुन्हा पुन्हा मांडली आणि तिच्या आधारानं राज्य केलं.

हे जुनं झालं, असं कोणी म्हणेल. २०१९ मध्ये जर्मनीतल्या एका कडव्या उजव्या पक्षानं बर्लिनमध्ये निवडणुकीचं पोस्टर लावलं. त्यावर जेरोमचंच ‘गुलामांचा बाजार’ हे १८६६ चं चित्र होतं. मुसलमान आले तर युरोपात असं होईल, हा त्यातला संदेश. चित्र ज्यांच्या मालकीचं आहे त्या अमेरिकेतल्या क्लार्क संग्रहालयानं याला विरोध केला आणि चित्र वापरू नका, असं पक्षाला कळवलं. स्टुडिओत रचलेलं एक दृश्य दीडशे वर्षांनंतर मतं मागायला कामी आलं.

दख्खनमध्ये आलेली नजर

आता आपल्या मुलुखाकडे वळू. भारतात आलेल्या युरोपीय चित्रकारांत थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम ही जोडी सर्वांत गाजली. १७८६ मध्ये ते कलकत्त्याला उतरले, देशभर फिरले आणि परत गेल्यावर १७९५ ते १८०८ या काळात भारताच्या दृश्यांची १४४ छापील चित्रं लंडनमध्ये काढली. त्याच सुमारास जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबई-पुण्यात होता. पेशवा सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं त्यानं काढली, वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं केली. १७९५ मध्ये तो वारला, आणि त्याची वेरूळची रेखाटनं डॅनियलनं छापली.

या चित्रांत एक ठरलेली मांडणी वारंवार येते. पडका घुमट, त्यावर उगवलेलं झाड, सोनेरी संध्याकाळ आणि पुढे सावलीत बसलेले दोन-तीन लोक. युरोपात तेव्हा पडक्या वास्तूंचं वेड होतं, स्वतःच्या देशातले पडके मठही ते असेच काढत. पण इथं त्याचा अर्थ बदलला. इथली इमारत थोर, इथली आजची माणसं रिकामटेकडी, असं पाहणाऱ्याच्या मनावर ठसलं. त्या मकबऱ्यात रोज दिवा लावणारा मुजावर, त्या मशिदीच्या हौदावर वुजू करणारा कारागीर चित्रात दिसला तरी तो केवळ उंचीचं माप दाखवायला.

हिंगोलीची छावणी आणि अमीर अली

हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. इथं निजामाच्या खर्चानं पोसलेल्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या फौजेची छावणी होती. तिलाच पुढे हैदराबाद कॉन्टिन्जंट म्हणू लागले आणि ही छावणी १९०३ पर्यंत राहिली. या फौजेतला एक तरुण अधिकारी म्हणजे फिलिप मेडोज टेलर. लिव्हरपूलला १८०८ मध्ये जन्मलेला, पंधराव्या वर्षी मुंबईला आलेला, १८२४ मध्ये निजामाच्या नोकरीत दाखल झालेला.

टेलरला चित्रकलेचा नाद होता. १८३७ मध्ये त्याच्या रेखाटनांचं ‘स्केचेस इन द डेक्कन’ हे पुस्तक लंडनमध्ये निघालं. दोनच वर्षांनी, १८३९ मध्ये, त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी आली आणि इंग्लंडमध्ये प्रचंड खपली. तिच्या प्रस्तावनेत हिंगोली आहे. टेलर सांगतो की इथल्या ठगांचा म्होरक्या हरिसिंग हा बाजारातला प्रतिष्ठित व्यापारी होता, आणि खुद्द टेलरचा व इतर इंग्रज अधिकाऱ्यांचा त्याच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार होता. मुंबईहून कापड आणण्यासाठी त्यानं कॅप्टन रेनॉल्ड्सकडून परवाना घेतला, ज्या व्यापाऱ्याचा माल होता त्यालाच वाटेत मारलं आणि तोच माल छावणीत उघडपणे विकला. छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर खून झाले आणि कोणाला कळलं नाही, असंही तो लिहितो.

आता लक्ष द्या. ज्याच्याशी त्याची प्रत्यक्ष ओळख होती तो ठग हरिसिंग होता. कादंबरीचा नायक मात्र झाला अमीर अली, लहानपणी ठगांनी उचलून वाढवलेला, नमाजी, देखणा, गोडबोल्या आणि शेकडो खून सांगणारा मुसलमान. अमीर अली नावाचा माफीचा साक्षीदार खरोखर होता, त्यामुळे टेलरनं हे हवेतून आणलं, असं म्हणता येणार नाही. कागदपत्रांत ठग म्हणून हिंदू आणि मुसलमान दोघांचीही नावं आहेत, आणि ठगी नेमकी किती होती यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. पण लंडनच्या वाचकाला अंगावर काटा आणणारी, रंगीत, दूरदेशीची कहाणी हवी होती. जी भूक पॅरिसमध्ये दलाक्रवाचं चित्र भागवत होतं, तीच भूक या कादंबरीनं भागवली. हिंगोलीच्या बाजारातले विणकर, अत्तारवाले, कासार, हमाल त्यात नायक होऊ शकले नाहीत.

टेलर वाईट माणूस होता, असं आमचं म्हणणं नाही. त्यानं पुढे सुरपूर आणि नळदुर्ग इथं कारभार पाहिला, इथल्या भाषा शिकला, आणि अखेरच्या काळात चाँदबीबीवर कादंबरी लिहिली. चांगला माणूसही आपल्या काळाच्या चष्म्यातून पाहतो, एवढाच याचा अर्थ.

एक चित्र, ज्यात नावं आहेत

टेलरच्याच सासरी एक वेगळं चित्र सापडतं. त्याची बायको मेरी ही हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची मुलगी. हे विल्यम पामर म्हणजे जनरल पामर आणि त्यांची मुस्लिम बायको फैज बख्श बेगम यांचा मुलगा. जनरल पामर पुढे पुण्याला पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांचे वकील होते.

या कुटुंबाचं १७८५ च्या सुमाराचं एक चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ते जोहान झोफनीचं मानतात, पूर्वी ते रेनाल्डीचं समजत. चित्र अर्धवट राहिलं आहे. मध्ये जनरल आणि बेगम, भोवती तीन मुलं आणि घरातल्या बायका. बेगम पूर्ण पोशाखात, दागिन्यांत, रुबाबात बसली आहे. कोणाला दाखवण्यासाठी ती बसलेली नाही, ती तिच्या घरात बसली आहे. तिचं नाव आपल्याला माहीत आहे, मुलांची नावं माहीत आहेत. त्यातलाच लहानगा विल्यम पुढे हैदराबादचा सावकार झाला.

तेव्हाही सत्ता कंपनीचीच वाढत होती, आणि कामाला असलेल्या बायका त्याही चित्रात बिननावाच्याच राहिल्या. तरी अँग्रच्या जनानखान्यापुढे हे चित्र ठेवलं की फरक मुलांनाही कळेल. अँग्रनं न पाहिलेली बाई काढली. इथं चित्रकारासमोर एक ओळखीचं कुटुंब बसलं होतं.

मग सगळी चित्रं टाकून द्यायची का?

नाही. कितीतरी इमारती, पोशाख, बाजार आज उरले नाहीत, ते या चित्रांमुळे कळतात. म्हणूनच कुआलालंपूरच्या इस्लामिक कला संग्रहालयानं अशा चित्रांचा मोठा संग्रह जपला आहे, आणि २०१९ मध्ये तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या प्रदर्शनातही मांडला गेला. शिवाय मुसलमान चित्रकारांनी उत्तरही दिलं. उस्मान हमदी बे हे तुर्की चित्रकार पॅरिसला शिकले आणि परत येऊन इस्तंबूलच्या शाही संग्रहालयाचे प्रमुख झाले. त्यांच्या चित्रांतल्या मुस्लिम बायका आणि पुरुष वाचताना, चर्चा करताना, विचार करताना दिसतात. तेच तंत्र, त्याच टाइल्स, पण माणूस शहाणा दिसतो.

मुद्दा चित्र वाचता येण्याचा आहे. पुढच्या वेळी असं चित्र आलं की मुलांना शेजारी बसवा आणि पाच प्रश्न विचारा. हे कोणी काढलं? तो तिथं गेला होता का? कोणासाठी काढलं? त्या वर्षी त्या देशात काय चाललं होतं? आणि यातल्या माणसाचं नाव काय? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं थोडं शोधलं की मिळतात. पाचव्याचं बहुतेक वेळा मिळत नाही, आणि मुलांना खरा धडा तिथंच मिळतो. सिनेमातला सुरमा घातलेला, अत्तर लावलेला, डोळे वटारणारा ‘मुसलमान’ कुठून आला, हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.

दुसरं काम आपल्याच हातात आहे. हिंगोली, बसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव इथल्या घराघरांत जुन्या पेट्यांमध्ये निजामाच्या काळातले, पोलीस अॅक्शनच्या आगेमागचे फोटो पडून आहेत. शेरवानीतले नाना, शाळेचा ग्रुप, दुकानापुढे उभे असलेले चाचा, हजला निघालेली मंडळी. ओळखणारे बुजुर्ग एकेक करून जात आहेत. ते गेले की आपल्याच घरातला फोटो ‘एक मुस्लिम कुटुंब, मराठवाडा’ एवढाच उरेल. हे होऊ द्यायचं नसेल तर या ईदला फोटो काढा, अम्मी-अब्बूंना, फुफू-खालांना विचारा आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहा: नाव, नातं, गाव, साल, काम. शाई लावू नका, ती पुढच्या बाजूला उमटते. मोबाईलवर त्याची प्रतही ठेवा. सगळ्यात आधी त्या बायकांची नावं लिहा, ज्यांना आजवर ‘अमक्याची बायको’ एवढीच ओळख मिळाली.